वाढ थांबल्यानंतरचा ताण

ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या १८९१ सालच्या एका अंकात जोन्स नावाच्या शल्यविशारदाने एका रुग्णाची हकिगत छापली. त्या काळी वैद्यकीय टिपणांचे मथळे ऐसपैस असत, अर्धी कथा तिथेच उरकलेली असे. या मथळ्यावरूनही एवढे कळत होते की रुग्णाच्या कण्यात जन्मजात, पण वरून न दिसणारा दोष होता. वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत लुळेपणाचा मागमूस नव्हता. जोन्सने कण्याला भोक पाडून आतल्या नसांवरचा दाब काढला आणि रुग्ण बरा झाला.

जोन्सच्या हाती काय काय नव्हते ते पाहिले की या धिटाईचे नवल वाटते. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चार वर्षे होती. कमरेत सुई घालून मज्जाजल काढण्याची रीत कीलच्या हाइनरिश क्विंकने त्याच साली जगापुढे ठेवली होती. कण्याच्या पोकळीतून गाठ काढण्याची पहिली गाजलेली शस्त्रक्रिया लंडनच्या क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात व्हिक्टर हॉर्स्लीने केली ती १८८७ मध्ये. तिथेही गाठ साधारण कुठे असावी हे विल्यम गॉवर्सने केवळ रुग्ण तपासून ताडले होते. बधिरपणा कुठे सुरू होतो, कोणता स्नायू ढिला पडलाय, पाऊल कसे पडते, एवढ्याच्या बळावर हाड फोडायला घ्यायचे असा तो जमाना.

त्या विकाराला आज टेदर्ड कॉर्ड म्हणतात. मज्जारज्जूचे खालचे टोक कुठेतरी चिकटून किंवा अडकून पडते आणि रज्जूवर कायमचा ताण राहतो. या विकारावरची ज्ञात असलेली पहिली शस्त्रक्रिया म्हणून जोन्सच्या टिपणाकडे बोट दाखवले जाते. मला त्यातला सतरा हा आकडा महत्त्वाचा वाटतो. पहिलाच रुग्ण बाळ नव्हता, चालता-फिरता तरुण होता. तरीही पुढची जवळजवळ ९० वर्षे वैद्यकशास्त्र हा विकार बालरोग म्हणूनच पाहत राहिले.

दोषाची ओळख त्याआधीची होती. लंडनच्या अ‍ॅथॉल जॉन्सनने १८५७ मध्ये एका मुलाच्या कमरेखाली वाढलेली चरबीची गाठ वर्णन केली होती. ती आत मज्जारज्जूच्या आवरणांशी जोडलेली होती. बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखोने १८७५ मध्ये पाठीच्या मध्यावर केसांचा पुंजका असलेली एक व्यक्ती पाहिली आणि त्याखालचा कणा नीट मिटलेला नाही हे दाखवून दिले. वर कातडी धड, आत हाडाची कमान उघडी. झाकलेल्या दुभंगाची ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली. केसांचा पुंजका, खळगी, चरबीचा उंचवटा, लाल डाग यांतले काही कमरेच्या मध्यावर दिसले तर खाली काहीतरी आहे असे समजावे, हे शहाणपण आजही तितकेच खरे आहे. आपल्याकडे अशा खुणेला देवाची खूण किंवा ग्रहणाचा डाग म्हणून सोडून देण्याची सवय असते, तो भाग वेगळा.

मग हे टोक अडकते कसे? गर्भ तीन महिन्यांचा असताना मज्जारज्जू कण्याच्या पोकळीत थेट खालपर्यंत पोचलेला असतो. पुढे हाडे भराभर वाढतात, रज्जू तेवढ्या वेगाने वाढत नाही आणि त्याचे टोक मणक्यांच्या हिशेबात वर वर सरकत जाते. मोठ्या माणसात ते कमरेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांच्या आसपास असते. त्याच्याखाली पायांकडे, मूत्राशयाकडे आणि गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसांचा झुबका मज्जाजलात सुटा तरंगत असतो. टोकापासून निघालेला एक बारीक लवचीक दोरा तेवढा खाली माकडहाडापर्यंत जातो. त्याचे नाव फायलम टर्मिनेल. हा दोरा जाड, चरबीने भरलेला किंवा ताठर असला, रज्जूला चरबीची गाठ चिकटलेली असली, किंवा हाडाच्या खिळीने रज्जू उभा दुभंगलेला असला, की टोक वर सरकत नाही. दावे आखूड पडलेल्या जनावराप्रमाणे ते तिथेच ताणलेले राहते.

या शरीररचनेतून एक सुटसुटीत स्पष्टीकरण तयार झाले: मूल वाढते, कणा लांबतो, अडकलेला रज्जू ओढला जातो, म्हणून पाऊल वाकडे होते, चाल बिघडते, मोठे झाल्यावरही अंथरूण ओले होते. लक्षणे उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात बळावतात हेही त्यात बसत होते. स्पष्टीकरण इतके चपखल होते की त्याच्या पोटात दडलेला निष्कर्ष कुणी तपासला नाही. वाढीमुळे ताण येत असेल, तर वाढ संपली की धोकाही संपला असे गृहीत धरले गेले. अठरा-वीस वर्षे धडधाकट काढलेल्या माणसाला मग हा आजार होणार कसा?

वेगळा धागा व्हिएन्नात सापडला होता. आल्फ्रेड फुक्सने १९०९-१० च्या सुमारास असे निरीक्षण नोंदवले की कण्याचा जन्मजात दोष असलेल्या काही रुग्णांना पुढे वाकले की लघवी आवरत नाही. वाकण्याने रज्जूच्या खालच्या टोकावर ताण वाढत असावा, असा त्याचा तर्क. ज्या हालचालीने तक्रार उद्भवते ती हालचाल वयाशी बांधलेली नाही, वाकायला तर चाळिशीतला माणूसही वाकतो. ही गोष्ट तिथेच उलगडायला हवी होती. तसे झाले नाही, आणि फुक्सचे निरीक्षण इतिहासाच्या परिच्छेदात उल्लेखापुरते उरले.

उलट १९३४ मध्ये एक मोठा अडथळा उभा राहिला, तोही एका उत्तम शोधाच्या रूपाने. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधली गादी फुटून नस दाबली जाते आणि त्यातून पाय दुखतो, हे शस्त्रक्रियेतून सिद्ध केले. त्यानंतर कंबर आणि पाय दुखणाऱ्या प्रौढाकडे पाहताना डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे आधी गादीच येऊ लागली. बहुतेक वेळा ते बरोबरही असे. पण ज्यांच्यात ते बरोबर नव्हते, त्यांना वर्षानुवर्षे विश्रांती, पट्टा, शेक आणि कधी कधी चुकीच्या पातळीवरची शस्त्रक्रिया एवढेच मिळाले.

शस्त्रक्रियेचा धागा पुन्हा हाती घेतला तो हाडांच्या डॉक्टरांनी. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या जॉर्ज गार्सो यांनी १९५३ मध्ये तीन रुग्णांचे वर्णन केले, त्यांच्या विकाराला फायलमचे नाव दिले आणि तो दोरा कापल्याने फायदा होतो असे मांडले. मग इंग्लंडमध्ये न्यूकॅसलची जोडी पुढे आली: अस्थिशल्यविशारद मायकेल जेम्स आणि न्यूरोसर्जन एल. पी. लॅसमन. त्यांच्याकडे येणारी मुले पायांच्या तक्रारीने येत. एक पाऊल दुसऱ्याहून लहान, कमान जास्त उंच, बोटे आकसलेली, दोन पायांना दोन मापांचे बूट. पावलावर कितीही शस्त्रक्रिया केल्या तरी मूळ दुखणे पाठीत असेल तर पाऊल पुन्हा बिघडणारच, हे त्यांनी १९६० पासूनच्या लेखांतून आणि नंतर पुस्तकांतून ठासून सांगितले. हाडांचा डॉक्टर आणि मेंदूचा डॉक्टर एकाच रुग्णापुढे शेजारी उभे राहिले, हे मला त्यांच्या कामातले सर्वांत मोलाचे वाटते. पण त्यांच्या लेखाच्या शीर्षकातले रुग्णही मुलेच होती.

निदानाची अडचण त्या काळी किती मोठी होती याची आज कल्पना येत नाही. मायलोग्राफी म्हणजे कमरेत सुई घालून मज्जाजलात अपारदर्शक द्रव्य सोडायचे आणि तिरप्या होणाऱ्या टेबलावर रुग्णाला वरखाली करत ते कुठे अडते हे क्ष-किरणांत पाहायचे. १९४० च्या दशकापासून त्यासाठी पँटोपेक हे जड तेल वापरत. तपासणी संपली की ते शक्य तेवढे सुईतून परत ओढून घ्यावे लागे. मागे राहिलेल्या तेलाने आवरणे सुजून एकमेकांना चिकटण्याचा धोका असे. शिवाय या रुग्णांत रज्जूच खाली उतरलेला, म्हणजे नेहमीच्या जागी सुई घातली तर ती रज्जूतच जाण्याची भीती. त्यात आणखी एक मेख होती. रुग्ण पालथा असला की जड तेल पोकळीच्या पोटाकडच्या बाजूला साचते. ताणलेला रज्जू आणि जाड फायलम मात्र पाठीकडच्या बाजूला चिकटलेले असतात, ते त्यात दिसतच नाहीत. उताणे निजवून पुन्हा चित्र घ्यावे लागे. गादीसाठी केलेल्या तपासणीत तेवढे कष्ट कोण घेणार? रिपोर्ट यायचा: विशेष काही नाही.

टोरोंटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रनमध्ये हॉफमन, हेंड्रिक आणि हम्फ्रीज यांनी १९७६ मध्ये ३१ रुग्णांचा अभ्यास मांडला आणि ‘टेदर्ड स्पायनल कॉर्ड’ हे नाव रूढ केले. रज्जूचे टोक खाली आणि फायलम दोन मिलिमीटरहून जाड, ही मोजण्याजोगी कसोटी तिथून आली. पुन्हा मुलांचेच रुग्णालय, पुन्हा मुलेच.

दार उघडले पिट्सबर्गमध्ये. डॅकलिंग पँग आणि जेम्स विल्बर्गर यांनी १९८२ मध्ये जर्नल ऑफ न्यूरोसर्जरीत २३ प्रौढ रुग्णांचा लेख लिहिला. या सगळ्यांत लक्षणे मोठेपणी सुरू झाली होती. त्यांचे चित्र मुलांसारखे नव्हते. मुलांत पाऊल वाकडे होते, कणा बाक घेतो; प्रौढांत हे वाढत जाणारे व्यंग जवळजवळ नव्हतेच. त्यांच्यात पुढे होती ती वेदना, तीही गादीच्या दुखण्यासारखी एका नसेच्या रेषेत उतरणारी नाही, तर दोन्ही पायांत पसरलेली आणि बऱ्याचदा गुदद्वार व जननेंद्रियांच्या भागात खोल जाणवणारी. ही तक्रार सांगायला माणूस लाजतो, आणि सांगितली तर मूळव्याधीच्या किंवा स्त्रीरोगाच्या दवाखान्यात पोचतो.

पँग-विल्बर्गर यांनी आणखी एक साधा प्रश्न विचारला: दुखणे सुरू झाले तेव्हा तुम्ही काय करत होता? सुमारे ६० टक्के रुग्णांच्या बाबतीत उत्तर सापडले. कुठे आधीच ताणलेल्या टोकाला आणखी हिसका बसेल अशी वाकण्याची किंवा पाय ताणण्याची हालचाल होती, कुठे पाठीवर वा ढुंगणावर मार बसला होता, कुठे वयानुसार कण्याची पोकळी अरुंद झाली होती. म्हणजे वाढ हे ताणाचे एकमेव कारण नव्हते. स्वीडनच्या आल्फ ब्राइग यांनी १९६० च्या पुस्तकात मृतदेहांवरच्या प्रयोगांतून दाखवले होते की पाठ वाकवली की कण्याची पोकळी लांबते आणि रज्जूही तिच्याबरोबर ताणला जातो. निरोगी माणसात फायलमची लवचिकता ते सोसते. ताठर फायलमवाल्या माणसात प्रत्येक वाकण्याचा हिशेब रज्जूच्या टोकाला चुकवावा लागतो. ताण फार असेल तर लक्षणे लहानपणीच येतात. माफक असेल तर तीस-चाळीस वर्षांचे वाकणे साठत जाते आणि एखादा हिसका निमित्त ठरतो. वयाचा फरक ताणाच्या मापात आहे, असे पँग-विल्बर्गर यांनी म्हटले. फुक्सचे निरीक्षण सत्तरेक वर्षांनी सार्थ झाले.

वाढीच्या सिद्धान्ताला आणखी एक भगदाड आधीच पडले होते. ए. जे. बार्सन यांच्या १९७० च्या अभ्यासात असे दिसले की रज्जूचे टोक जन्मानंतर दोनेक महिन्यांतच प्रौढांच्या पातळीवर येते. टोकाचे वर सरकणे मुळात बाळ रांगायला लागण्याआधीच आटोपते!

पण ताणल्याने रज्जूत नेमके बिघडते काय? दोरीसारखा तो तुटत नाही, मग लकवा का येतो? याचे उत्तर शोकेई यामादा या जपानी वंशाच्या न्यूरोसर्जनने १९८१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोमा लिंडा इथून दिले. मांजरांच्या रज्जूला मोजकी ग्रॅम वजने लावून त्यांनी तो ताणला आणि त्यावर प्रकाश टाकून परतणाऱ्या किरणांवरून पेशींतल्या सायटोक्रोम या श्वसनद्रव्याची स्थिती मोजली. तीच मोजणी शस्त्रक्रियेत रुग्णांच्या उघड्या रज्जूवरही केली. ताणलेल्या भागात पेशींना प्राणवायू वापरता येत नव्हता. ताण बेताचा आणि थोडा काळ असेल, तर तो सोडताच पेशी सावरत. जबर ताण असेल, तर सावरणे अपुरे राही. म्हणजे मज्जापेशी मेलेल्या नसतात, गुदमरलेल्या असतात. पण किती काळ गुदमरायचे यालाही मर्यादा असते.

यामादांनी पुढे तपासणीच्या खोलीत विचारायच्या तीन गोष्टी सांगितल्या: बुद्धासारखी मांडी घालून बसता येते का, बेसिनपाशी किंचित वाकून भांडी घासता येतात का, आणि बाळाला कमरेच्या उंचीवर धरून उभे राहता येते का. तिन्हींत कमरेचा बाक सपाट होतो आणि रज्जू ताणला जातो. पाश्चात्त्य रुग्णाला मांडी मुद्दाम घालायला सांगावी लागते. पंगतीत मांडी ठोकून बसणाऱ्या समाजात हा प्रश्न ओपीडीत आपणहून सुटावा.

१९८० च्या दशकात एमआरआय आला आणि सुई, तेल, पालथे-उताणे हे सगळे मागे पडले. एकाच उभ्या चित्रात रज्जूचे टोक कुठे आहे ते दिसू लागले. चरबी पांढरी लखलखीत उठून दिसू लागली. ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून पाठवलेल्या कित्येक प्रौढांच्या चित्रात मणके बरे आणि टोक मात्र भलतेच खाली, असे आढळू लागले.

शस्त्रक्रिया मात्र कल्पनेने जोन्सच्या काळाइतकीच सरळ राहिली. रुग्णाला पालथे निजवतात, छाती आणि कमरेखाली उशा देऊन पोट मोकळे लोंबते ठेवतात, म्हणजे पोटावरच्या दाबाने कण्याभोवतीच्या शिरा फुगत नाहीत. खालच्या मणक्याची मागची कमान काढली की ड्यूरा हे जाड पांढरे आवरण दिसते. ते मध्यरेषेवर उघडून कडा टाक्यांनी बाजूला ताणून धरतात. आत मज्जाजल, आणि त्यात नसांचा झुबका. यातला फायलम कोणता हेच खरे कौशल्य. मायक्रोस्कोपखाली तो मध्यावर, मागच्या बाजूला, नसांपेक्षा वेगळ्या चकाकीचा, बऱ्याचदा चरबीमुळे पिवळसर आणि पृष्ठभागावर नागमोडी रक्तवाहिनी असलेला दिसतो. तरी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत. त्याला सूक्ष्म विजेचा स्पर्श देतात आणि पायांच्या व गुदद्वाराच्या स्नायूंत खुपसलेल्या सुया काय सांगतात ते पाहतात. काहीच हलले नाही, तरच त्याला चिकटलेल्या नसा अलगद सोडवून, रक्तवाहिनी जाळून, बारीक कात्रीने तो कापतात. कापताच वरचे टोक वर सरकलेले दिसते. मग ड्यूरा पाणी झिरपणार नाही असा शिवायचा. मज्जाजल गळले तर जखम पिकण्यापासून मेंदूज्वरापर्यंत काहीही होऊ शकते.

विजेच्या यंत्रांची सोय सर्वत्र होण्याआधी पँग यांनी एक युक्ती काढली होती. १९८३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह गुदद्वारात दाब मोजणारी फुगवटी ठेवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली: चुकून त्या भागाच्या नसेला धक्का लागला की स्नायू आवळतो आणि दाबाचा आकडा चढतो. ऐकायला ओंगळ वाटते, पण रुग्णाच्या उरलेल्या आयुष्याच्या दृष्टीने पायाच्या बोटापेक्षा या स्नायूचे मोल जास्त आहे.

फायलमचे प्रकरण सोपे म्हणायचे. रज्जूला चिकटलेली चरबीची गाठ किंवा हाडाने दुभंगलेला रज्जू असेल, तर काम अवघड होते. दुभंगाच्या बाबतीत भारताचा अनुभव मोठा आहे. दिल्लीच्या एम्समधून महापात्र आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशा २५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

प्रौढांच्या निकालांचे चित्र १९९० नंतर स्पष्ट होत गेले. जर्मनीच्या व्युर्झबुर्गमधून २००१ मध्ये ५४ प्रौढांचा लेख आला. त्यात आणि त्या सुमाराच्या इतर अभ्यासांतही क्रम साधारण एकच दिसतो: वेदनेला बहुतेकांत चांगला उतार, पायांच्या ताकदीत सुधारणा बेताची, मूत्राशयाच्या तक्रारींत त्याहून अनिश्चित, आणि त्या जुन्या झाल्या असतील तर जवळजवळ नाहीच. पँग-विल्बर्गर यांनीही हेच म्हटले होते. म्हणून प्रौढाला लघवीची तक्रार सुरू झाली की थांबू नये, यावर बहुतेकांचे एकमत आहे. एमआरआयमध्ये योगायोगाने सापडलेला, कसलाही त्रास नसलेला प्रौढ मात्र वादाचा विषय आहे. अशांना मूत्राशयाच्या तपासण्या करत नजरेखाली ठेवावे असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि मला त्यांचे पटते.

वादाचे दुसरे टोक उलट बाजूला आहे. अमेरिकेतील वॉर्डर आणि ओक्स यांनी १९९३ मध्ये दाखवले की टोक नेहमीच्या पातळीवर असूनही हा विकार असू शकतो. मुद्दा खरा होता, पण त्यातून एक दार जरा जास्तच सताड उघडले. चित्र निर्दोष, तक्रारी गोलमाल, तरी फायलम कापा, असा ओघ सुरू झाला. व्हँकूवरच्या पॉल स्टाइनबोक यांनी अशा मुलांवर चिठ्ठ्या टाकून दोन गट करत चाचणी घेतली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्या चाचणीत कापलेल्या आणि न कापलेल्या मुलांच्या लघवीच्या तपासण्यांत ठळक फरक निघाला नाही. दोरा कापणे सोपे आहे म्हणून तो कापावा, हा युक्तिवाद शल्यविशारदाच्या तोंडी शोभत नाही.

कापून सुटलेला रज्जू जखमेच्या व्रणात पुन्हा चिकटू शकतो. मग दुसरी शस्त्रक्रिया, तिसरी. प्रत्येक वेळी व्रण दाट आणि नसा त्यात गुरफटलेल्या. या चक्रावर सेंदाईच्या कोकुबुन यांनी १९९५ मध्ये उलट्या दिशेने उपाय सुचवला. चिकटलेल्या जागेला हातच लावायचा नाही. तिच्या वर, पाठ आणि कंबर जुळतात तिथला मणक्याचा तुकडा काढून कणाच आखूड करायचा, धातूच्या दांड्यांनी जुळवायचा आणि रज्जूला ढील द्यायची. अमेरिकेत ग्रँड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मृतदेहांवर मोजून पाहिले की सुमारे दोन सेंटिमीटर कमी केल्याने ताण लक्षणीय उतरतो. पुढे पुन्हा पुन्हा चिकटणाऱ्या रुग्णांत हा मार्ग वापरला जाऊ लागला. वाढत्या कण्याचा तुकडा काढून तो जखडून टाकायला सर्जन कचरतात. त्यामुळे ही शस्त्रक्रिया मुख्यतः केली जाते ती ज्यांची वाढ थांबली आहे त्यांच्यावर.